तालमीची बातमी

सोमवारपासून प्रत्येक वार्ताहराने दिवसातून एकदा तरी मोबाइलवरून ‘लाइव्ह’ जायचं, असा फतवा दैनिकात निघाला, आणि पाणीवाल्यांनी घरी येऊन चपला काढायच्या आधी बायकोला विचारलं, “माझा चेहरा कसा आहे?”

“आता विचारून काय उपयोग?” बायको म्हणाली आणि कुकरची शिट्टी मोजायला आत निघून गेली.

पाणीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पाणीपुरवठा खात्याच्या बातम्या ते इतकी वर्षं देत होते की ऑफिसात, सोसायटीत आणि खुद्द त्या खात्यातसुद्धा त्यांना कोणी दुसऱ्या नावानं ओळखेनासं झालं होतं. जलवाहिनी, व्हॉल्व्ह, गळती, दाब या विषयांवर ते झोपेत बोलत आणि वाचक ते झोपेत वाचत. पण एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या एकाही बातमीवर आजवर खुलासा छापायची पाळी आली नव्हती. खुलासा म्हणजे आतल्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात छापून येणारी दोन ओळींची नाचक्की. ‘आमच्या अमुक बातमीत तमुक म्हटले होते, ते तसे नाही.’ गुन्हेवाल्यांच्या नावावर असे कितीतरी खुलासे होते, राजकारणवाल्यांनी तर मोजणंच सोडलं होतं. पाणीवाले मात्र कोरे होते.

आणि आता हा लाइव्हचा जाच. ज्याला जमणार नाही त्याचं काय होतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गुन्हेवाले चाचणीत कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, एका वाक्यात सात-आठ वेळा आवंढा गिळला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बदली वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पुरवणीत झाली. एकेकाळी ज्याला पाहून फौजदार खुर्ची पुढे करत, तो माणूस आता कोपऱ्यात बसून ‘लाडक्या सोनूला’ यमक जुळवत होता. त्यांच्या टेबलावरून जाताना पाणीवाले नजर चुकवायचे.

ॲप कसं वापरायचं ते डिजिटलच्या मॅडमनी समजावून सांगितलं होतं. मॅडम वयानं त्यांच्या भाचीएवढ्या होत्या आणि ‘सर’ हा शब्द त्या अशा काही म्हणायच्या की ऐकणाऱ्याला आपण फार आजारी असल्यासारखं वाटावं.

“सोप्पंय सर. हे उघडायचं. हा लाल ठिपका दाबायचा. बोलायचं. बास.”

“आणि मग ते तपासणार कोण?”

“काय तपासणार?”

“मी बोललेलं.”

मॅडमनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. दौत कुठे मिळेल असं विचारणाऱ्याकडे पाहावं तसं. मग त्या हसल्या आणि दुसऱ्या कोणाला तरी शिकवायला गेल्या.

पाणीवाल्यांनी त्या हसण्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. त्यांच्या सबंध नोकरीत त्यांचा एकही शब्द थेट वाचकापर्यंत गेला नव्हता. आधी उपसंपादक विशेषणं काढायचा, मग मुख्य उपसंपादक क्रियापदं फिरवायचा, मग मुद्रितशोधक स्वल्पविराम टाकायचा, आणि शेवटी रात्रपाळीचा कोणी तरी जाहिरात आली म्हणून सबंध बातमीच उडवायचा. म्हणजे मधे कोणीतरी असतंच. नळ आणि टाकी यांच्यामधे जसा व्हॉल्व्ह असतो तसा. मॅडम सांगायला विसरल्या असतील, एवढंच.

*

“तालीम करा,” रविवारी जेवण झाल्यावर बायकोनं निकाल दिला. “गच्चीवर चला. मी मोबाइल धरते.”

गच्चीवर तालीम खासगीत होईल अशी पाणीवाल्यांची समजूत होती. परंतु इस्त्रीचा शर्ट घालून नवराबायको भर दुपारी जिना चढताना दिसली की सोसायटीत ते खासगी राहत नाही. वरच्या मजल्यावरचे मॅनेजर, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले पण आवाजातून न झालेले, दारातच उभे होते. त्यांच्या मागून शिकवणीच्या बाई आल्या. बाई घरी गणिताच्या शिकवण्या घेत आणि इतर सर्व विषयांतल्या चुका फुकट काढत.

“पोट आत घ्या,” मॅनेजर म्हणाले.

“आत घेतलेलंच आहे,” पाणीवाले म्हणाले.

“मग राहू दे. बातमी काय आहे?”

“बातमी नाहीये हो. नुसती तालीम आहे.”

“बातमीशिवाय तालीम? मग तोंडावर भाव कुठले आणणार? करा काहीतरी तयार.”

पाणीवाल्यांनी घसा साफ केला. “पूर्व भागातील मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आल्याने येत्या काही दिवसांत कमी दाबाने...”

“हे माझ्या वर्गात बोललात तर मागचा बाक झोपेल,” बाई म्हणाल्या.

“पुढचाही,” मोबाइलमागून बायको म्हणाली.

मॅनेजरांनी हात मागे बांधून गच्चीवर एक फेरी मारली. “भीती पाहिजे यात. लोक कशाला थांबतात? भीती वाटली तर थांबतात. ती बघा, मागे टाकी दिसतेय. तिला तडा गेला म्हणा.”

गच्चीवरून शहराची मोठी टाकी खरोखरच छान दिसत असे. पाणीवाल्यांच्या डाव्या खांद्याच्या वर ती चित्रातल्यासारखी बसली. एवढी बळकट टाकी पंचक्रोशीत नव्हती, हे त्यांनी स्वतःच कधीतरी छापलं होतं.

“तिला कसा तडा जाईल?”

“अहो, तालीम आहे ना?”

पाणीवाल्यांनी मान डोलावली. मग बातमी वाढत गेली. बाईंनी ‘कोणत्याही क्षणी’ घातलं, कारण वेळ सांगितल्याशिवाय गणित सुटत नाही. बायको म्हणाली, “गढूळ पाणी येईल म्हणा, मला ते पटेल.” मॅनेजरांनी ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ असं सुरुवातीलाच टाकायला लावलं.

“सूत्र कोण पण?”

“मी उभा आहे की इथे.”

पाणीवाल्यांनी दोनदा नुसतं बोलून पाहिलं. पहिल्यांदा ते अडखळले. दुसऱ्यांदा त्यांना ठसका लागला आणि बाईंनी श्वास कुठे घ्यायचा ते खडूनं गच्चीवर लिहून दाखवलं. तिसऱ्यांदा बायकोनं विचारलं, “आता ते खरं बटण दाबून बघायचं का? म्हणजे सवय होईल.”

पाणीवाले क्षणभर थबकले. पण फतव्यात स्वच्छ ‘सोमवारपासून’ असं म्हटलं होतं. आज रविवार. म्हणजे आज ते बंद असणार. दुकानाचं शटर खाली असताना आतल्या काउंटरवर उभं राहून बघायला काय हरकत आहे? त्यांनी लाल ठिपका दाबला.

पडद्यावर कोपऱ्यात एक डोळा उमटला. छोटासा, उघडा डोळा, आणि त्याच्या शेजारी आकडा. पाणीवाल्यांना ही कल्पना फार आवडली. नवख्या माणसानं कुठे बघायचं हे कळावं म्हणून डोळा काढला होता. आणि शेजारी सेकंद मोजायची सोय. घड्याळ जरा पुढे पळत होतं खरं, पण त्यांच्या छातीतही तेच चाललं होतं.

त्या डोळ्यात डोळा घालून ते बोलले. आवंढा गिळला नाही. ‘कोणत्याही क्षणी’ला आवाज खाली आणला, ‘तडा’ला भुवया वर नेल्या. शेवटी आपलं नाव आणि दैनिकाचं नाव खणखणीत सांगितलं. मॅनेजरांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, “पैकीच्या पैकी.” सगळे खाली उतरले, आणि तालीम उत्तम झाली म्हणून बायकोनं सगळ्यांना चहा टाकला.

*

चहाचे कप अर्धे झाले होते तेव्हा शिकवणीच्या बाईंचा मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“अगबाई! टाकीला तडा गेलाय म्हणे!”

“बाई,” पाणीवाले सौम्यपणे म्हणाले, “ती बातमी आपणच केली ना मघाशी.”

“हो हो, ती वेगळी. ही माझ्या बहिणीकडून आलीये.” बाई उठल्यासुद्धा. “माझं पिंप रिकामं आहे हो!”

“बहिणीला कोणी सांगितलं?”

पण बाई जिन्यात पोचल्या होत्या. तेवढ्यात मॅनेजरांनी आपला मोबाइल लांब धरून, चष्मा कपाळावर चढवून पाहिला. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर चित्र आलं होतं. कुठल्यातरी भलत्याच टाकीचं. तिला वरपासून खालपर्यंत हात जाईल अशी भेग पडली होती.

“आपण आपलं उगाच तडा म्हणत बसलो,” मॅनेजर हळू आवाजात म्हणाले. “प्रकरण फार पुढे गेलेलं दिसतंय.”

“मॅनेजरसाहेब, ‘विश्वसनीय सूत्र’ तुम्हीच होतात!”

“ते मला मान्य आहे. पण आता इतक्या ठिकाणांहून येतंय म्हटल्यावर काहीतरी असल्याशिवाय का?” आणि बँकेत कधी कोणाच्या कामासाठी उठले नसतील एवढ्या चपळाईनं ते उठून गेले.

बायको कप उचलायची थांबली होती.

“अहो,” ती म्हणाली, “ते बटण... बंदच होतं ना?”

तालमीत व्यत्यय नको म्हणून बायकोनं मोबाइल मुका करून ठेवला होता. पाणीवाल्यांनी तो उचलून आवाज चालू केला. न घेतलेल्या फोनांची रांग संपेचना. इमारतीत एकामागून एक नळ सुटल्याचा आवाज येत होता. वरून, खालून, भिंतीतून. आपल्याच तोंडून निघालेलं वाक्य पाइपांमधून फिरताना ऐकायची वेळ फार थोड्या पत्रकारांवर आली असेल.

त्यांनी मॅडमना फोन लावला.

“सर!” मॅडम ओरडल्याच. “तुम्ही सोमवारची वाटही नाही पाहिलीत! काय व्ह्यूज आहेत! तो आकडा बघताय ना?”

“तो... सेकंदांचा नव्हता?”

“कसले सेकंद? माणसं आहेत ती सर.”

पाणीवाले खुर्चीच्या कडेवर बसले. एवढी माणसं आपल्या डोळ्यात बघत होती आणि आपण भुवया उडवत होतो. “मॅडम, ते काढून टाका. ते खरं नाही. ती तालीम होती.”

मॅडमनी आधी दुसरंच विचारलं.

“खात्यानं नाकारलंय का?”

“अजून नाही, पण...”

“मग कशाला काढायचं? आता काढलं तर लोक म्हणतील दडपलं. एक करा सर, टाकीपाशी जा आणि तिथून परत लाइव्ह या. खरं काय आहे ते शोधा. पाणी तुम्हीच बघता ना?”

म्हणजे आपण उठवलेल्या बातमीचा छडा लावायची कामगिरी आपल्यावरच सोपवली गेली आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. खुलासा तर होणारच. पण असा खुलासा छापायला आतल्या पानाचा तळ पुरणार नव्हता.

तेवढ्यात ताईचा फोन आला. पाणीवाल्यांची ही थोरली बहीण शहराच्या वरच्या टोकाला, चढावरच्या दवाखान्यात मुख्य परिचारिका होती. धाकट्या भावाचं कौतुक ती सहसा करत नसे.

“काय रे, तुझी बातमी अगदी खरी निघाली! इथे वर थेंब नाही.”

“ताई, टाकीला तडा गेलेला नाहीये.”

“काहीतरीच काय! मग पाणी कुठे गेलं?”

पाणी कुठे गेलं हे पाणीवाल्यांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. अख्ख्या शहरानं एकदम नळ सोडले होते. खालच्या घरांतले हंडे, बादल्या, पिंपं भरत होती तोवर चढावर पाणी पोचणारच नव्हतं. सगळ्यात आधी कोरडं पडणार ते वरचं टोक, हे त्यांनी आजवर कितीदा तरी छापलं होतं, आणि कोणी वाचलं नव्हतं.

“दवाखान्याच्या टाकीत किती आहे?”

“तळ दिसतोय. उद्याची ऑपरेशनं पुढे ढकलली, पण एक पोरगी बाळंतपणासाठी आलीये, अडलीये. तिला काय उद्या ये म्हणू?” ताईचा आवाज एकदम खाली आला. “कधी येईल रे पाणी?”

“बघतो,” पाणीवाले म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि शर्टाची बटणं लावत जिना उतरले. ती लावलेलीच होती.

*

रस्त्यावर जे दिसत होतं ते पाहून एरवी त्यांनी चौकटीतली सुंदर बातमी लिहिली असती. लोक मिळेल त्यात पाणी भरत होते. एकानं हेल्मेट उलटं धरलं होतं. एका बाईनं कुंडीतलं रोप उपटून कुंडी नळाखाली लावली होती आणि कुंडीच्या तळाला भोक असतं हे ती विसरली होती. पाणीवाल्यांना ओळखून दोघा-तिघांनी हात जोडले. “वेळेवर सांगितलंत बघा!” त्यांना कुठे तोंड लपवावं कळेना. तोंड आता साऱ्या शहराच्या खिशात होतं.

टाकीच्या फाटकापाशी गर्दी उसळली होती. आत खात्याचे अभियंता उभे होते. या दोघांनी किती वर्षं एकत्र चहा घेतला होता याचा हिशेब नव्हता. अभियंता कमी बोलत. पण आज त्यांनी पाणीवाल्यांची बाही धरून त्यांना भिंतीआड ओढलं.

“कुठल्या जन्माचा सूड उगवलात हो?”

“साहेब, ती तालीम होती.”

“कसली तालीम?”

“घाबरवायची.”

अभियंत्यांनी डोळे मिटले. “टाकी तळाला आली. पंप चालू आहेत, पण भरतंय त्याच्या दुप्पट ओढलं जातंय. तास-दीड तास नळ बंद राहिले ना, तर सगळं जाग्यावर येईल. वरपर्यंत चढेल. खुलासा करा. आत्ताच्या आत्ता.”

आयुष्यातला पहिला खुलासा. पाणीवाल्यांनी मोबाइल समोर धरला, शेजारी अभियंत्यांना घेतलं, आणि लाल ठिपका दाबला. डोळा उघडला. त्यांनी काहीएक हातचं न राखता सांगून टाकलं. टाकीला तडा नाही. बातमी खोटी होती. ती मी केली. सराव करत होतो. मला क्षमा करा आणि कृपा करून नळ बंद करा.

खरं सांगायचं तर ते भीतीनं थरथरत होते. तोंडाला कोरड पडली होती, ‘क्षमा’ शब्दावर त्यांनी दोनदा आवंढा गिळला. पडद्याच्या खालून लोकांचे अभिप्राय वर सरकू लागले. ‘बिचाऱ्यांवर दबाव आलाय.’ ‘शेजारी उभा आहे तो कोण बघा.’ ‘एवढा चांगला माणूस, कसा घाबरलाय.’ ‘म्हणजे तडा मोठा आहे.’ कोणीतरी रडणारे चेहरे पाठवले. फाटकाबाहेरच्या गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, “पाणीवाले, तुम्ही भिऊ नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!” आणि ते आपला दुसरा हंडा आणायला गेले.

“नळ थांबले का?” पाणीवाल्यांनी विचारलं.

अभियंत्यांनी दाबाच्या काट्याकडे पाहिलं. “वाढले.”

दोघं टाकीच्या सावलीत बसले. अभियंत्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, “अगं, मी टाकीखालीच उभा आहे, तडा नाहीये,” असं म्हणाले, आणखी थोडं ऐकलं आणि फोन खिशात टाकला.

“काय झालं?”

“बायको. भरून ठेवतेय. म्हणाली, तुम्हाला ऑफिसात कोण काही सांगतं?”

मग अभियंता इकडे तिकडे बघत म्हणाले, “एक मार्ग आहे. म्हणा की पाण्यात जंतुनाशक औषध जास्त पडलंय. नळ उघडू नका, भरलेलं पाणी तोंडात घालू नका. तासाभरानं पुन्हा या आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगा. संपलं.”

“हे तर खोटं आहे!”

“मघाचं काय खरं होतं?”

“ते चुकून झालं. हे मी जाणूनबुजून कसं करू? तुम्ही काढा ना पत्रक.”

“पत्रक कोण वाचतंय? आणि खोटं पत्रक काढलं तर नोकरी जाईल माझी.”

“आणि माझी?”

“तुमची जाणारच आहे ना,” अभियंता म्हणाले. मनात काही नव्हतं त्यांच्या. दाबाचा आकडा सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं.

फोन पुन्हा वाजला. ताई. आता तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. “आत घेतलंय तिला. डॉक्टर साबण लावलेले हात वर धरून उभे आहेत रे, आणि नळाला नुसती हवा येतेय. पिण्याच्या बाटल्या गोळा करतोय आम्ही. तुझ्या ओळखीनं काही होतं का बघ ना.”

पाणीवाले उठले. अभियंत्यांना त्यांनी चित्राबाहेर व्हायला सांगितलं. मोबाइल जरा वर धरला, म्हणजे मागे टाकी दिसेल.

यानंतर जे झालं त्याबद्दल ते पुढे कोणाशी बोलले नाहीत. डोळा उघडला, आकडा धावत सुटला, आणि त्यांच्या तोंडून शब्द असे निघाले की जणू उपसंपादकापासून मुद्रितशोधकापर्यंत सगळ्यांनी ते आधीच तासून ठेवले होते. औषधाचं प्रमाण. घशाची जळजळ. लहान मुलांना जपा. नळ घट्ट बंद करा. पुढची सूचना मी स्वतः देईन. ‘मी स्वतः’ला त्यांनी किंचित थांबून कॅमेऱ्याकडे पाहिलं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. थरथर नाही, आवंढा नाही. खरं सांगताना जीभ टाळ्याला चिकटत होती, ती आता लोण्यासारखी फिरत होती, आणि त्या क्षणी पाणीवाले स्वतःला जितके घाबरले तितके मॅडमना, खुलाशाला किंवा वाढदिवसाच्या पुरवणीलाही कधी घाबरले नव्हते.

फाटकाबाहेर आधी कुजबुज झाली. मग एका घरातून नळ बंद केल्याचा आवाज आला. मग शेजारच्या. मग गल्लीभर. शेवटी इतकं शांत झालं की टाकीत वरून पडणाऱ्या पाण्याची धार ऐकू येऊ लागली.

“चढतोय,” काट्याकडे पाहत अभियंता पुटपुटले. “चढतोय हो.”

*

ताईचा फोन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. पाणी आलं होतं. मुलगी झाली होती. “पण ते औषधाचं काय रे?” तिनं विचारलं. “आम्ही उकळून घेतलं.”

“बरं केलंत,” पाणीवाले म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग मॅडमचा फोन आला. पाणीवाल्यांनी राजीनाम्याचं पहिलं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण ते बोलायला संधीच मिळाली नाही. मॅडम म्हणाल्या, “सर, उद्या तिन्ही घेतोय पहिल्या पानावर. तडा गेला, तडा गेला नाही, आणि औषध. वाचकांना निवडू दे. आणि पुढच्या आठवड्यापासून बाकीच्यांना शिकवायला तुम्हीच या.” ‘सर’ आता त्या निराळंच म्हणत होत्या. आजारी माणसाला म्हणतात तसं नाही.

ठरल्याप्रमाणे त्यांनी तासाभरानं पुन्हा लाइव्ह जाऊन सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. पाणी आता उत्तम आहे, बिनधास्त प्या. डोळ्याशेजारचा आकडा तेव्हा रोडावत रोडावत गेला होता. ठीक असलेल्या पाण्यासाठी रविवारची संध्याकाळ कोण घालवणार?

ते चालत घरी निघाले तेव्हा रस्ते ओले होते. दुपारी जिवाच्या आकांतानं भरलेलं सगळं पाणी लोक ओतून देत होते. हंड्यातून, पिंपातून, हेल्मेटमधून. गटारं भरून वाहत होती आणि पाणीवाल्यांच्या चपला पचपचत होत्या. सोसायटीखाली पोचताच वरून अख्खी बादली त्यांच्या पुढ्यात आदळली.

“जपून हो!” मॅनेजर गॅलरीतून ओरडले. “अंगावर उडालं नाही ना? तोंडात गेलं असेल तर लगेच चूळ भरा!”

“कशानं भरू?”

मॅनेजरांनी रिकाम्या बादलीत डोकावून पाहिलं.

घरात सगळी भांडी उपडी घातली होती. बायको पदर खोचून मोरी घासत होती. पाणीवाले खुर्चीत बसले. दुपारच्या अर्ध्या कपानंतर त्यांच्या घशाखाली काही उतरलं नव्हतं.

“पाणी दे गं.”

“कुठलं? सगळं ओतलं की.”

“नळाचं दे. अगं, त्याला काहीच झालं नव्हतं. ते मी आपलं बोललो.”

“मग पहिल्यांदा बोललात ते?”

“तेही आपलं बोललो.”

“आणि मधलं?”

“ते खरं होतं.”

बायकोनं घासणी खाली ठेवली. मग नळ सोडला, पेला भरला, त्यांच्या समोर ठेवला आणि स्वतः न पिता बाजूला उभी राहिली. पाण्यात काही दिसत नव्हतं. पाणी जसं असतं तसं होतं. पाणीवाल्यांनी पेला उचलला, तेवढ्यात फोन वाजला. अभियंता होते. आवाज इतका खाली, जणू शेजारी कोणी झोपलंय.

“पाणीवाले, घरी सगळे विचारतायत म्हणून फोन केला. म्हणजे मला माहीत आहे, आपणच दोघांनी... पण तरी म्हटलं, तुम्ही जाणकार आहात. तुमच्याकडच्या पाण्याला वास वगैरे येतोय का हो?”

पाणीवाल्यांनी पेला दिव्यासमोर धरला. मग नाकाजवळ आणला. बायको बघत होती. त्यांनी एकदा हुंगलं, डोळे मिटून आणखी एकदा हुंगलं.

“येतोय,” ते म्हणाले. “थोडासा.”

आणि पेला तसाच खाली ठेवला.